डब्यांतलें मांस आणि घरची बेगमी



वैशाख सरत आला आणि पश्चिमेकडे पहिले ढग दिसूं लागले, कीं पेण आणि रोहा या बाजूंस आगोटीची धांदल सुरू होते. एके काळीं ही धांदल फारच मोठी असे. अंगणांत चटयांवर सुकट पसरलेली असे, दोऱ्यांवर बोंबील लोंबत असत, सोललेल्या कोळंबीचे सोडे उन्हांत लालसर होत असत, आणि पेणच्या मिठागरांतून आलेलें खडे मीठ मडक्यांत भरून ठेवलें जाई. वाल, तांदूळ, कोकम, चिंच आणि पोह्यांचे पापड यांनीं कोठीची खोली भरून जाई. कारण साधें होतें. एकदां मृग बरसला कीं दर्या खवळे, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ताज्या मासळीचें नांव घ्यावयास नको. जें खावयाचें तें आधींच घरांत हवें. या दूरदृष्टीलाच आपल्या भाषेंत बेगमी म्हणतात.

अशा मुलखांतील माणसाला टिकवलेलें अन्न म्हणजे काय, हें शिकवावें लागत नाहीं. तरीहि याच मुलखांत जेव्हां पत्र्याच्या बंद डब्यांतलें मांस आलें, तेव्हां लोकांनीं त्याकडे संशयानें पाहिलें. हा संशय निव्वळ अडाणीपणाचा होता, कीं त्यांत कांहीं तथ्य होतें? आणि तो डबा स्वयंपाकघरांत आल्यावर गृहिणीनें त्याचें काय करावें? या दोन प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

बंद डब्याची युक्ति फार पुरातन नाहीं. फ्रान्समध्यें निकोलस आपेर नांवाचा मिठाई करणारा एक कारागीर होता. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलींत अन्न भरावें, बूच घट्ट बसवावें आणि ती बाटली उकळत्या पाण्यांत पुष्कळ वेळ ठेवावी, म्हणजे आंतील अन्न महिनोन् महिने नासत नाहीं, असें त्याला अनुभवानें आढळून आलें. फ्रेंच सरकारनें त्याला बारा हजार फ्रँकांचें बक्षीस दिलें आणि १८१० सालीं त्यानें आपली कृति पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं इंग्लंडांत पीटर ड्युरँड यानें काचेऐवजीं कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचें भांडें वापरण्याचें पेटंट घेतलें. पुढें ब्रायन डॉनकिन आणि त्याचे भागीदार यांनीं लंडनमध्यें कारखाना काढून १८१३ च्या सुमारास ब्रिटिश आरमाराला मांसाचे डबे पुरवण्यास आरंभ केला. मौज अशी कीं, हें अन्न कां नासत नाहीं हें यांपैकीं कोणालाच ठाऊक नव्हतें. नासण्याचें मूळ सूक्ष्म जंतूंत आहे, हें लुई पाश्चर यानें सिद्ध करण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. डबा उघडण्याचें खास हत्यार अमेरिकेंत पेटंट झालें तेंहि १८५८ सालीं; तोंपर्यंत बहुधा छिनी आणि हातोडा यांनींच डबा फोडीत.

ही युक्ति किती पक्की आहे याचा एक दाखला देण्यासारखा आहे. कॅप्टन पॅरी हा १८२४ सालीं उत्तरेकडील बर्फाळ समुद्रांत सफरीस निघाला, तेव्हां त्यानें वासराच्या मांसाचे डबे बरोबर नेले होते. त्यांतील एक न उघडतां परत आला आणि संग्रहांत राहिला. तो १९३८ सालीं, म्हणजे एकशें चौदा वर्षांनीं, शास्त्रज्ञांनीं उघडला. आंतलें मांस बहुतेक चांगल्या स्थितींत होतें.

येथें आपली बेगमी आणि हा डबा यांतील भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे, कारण पुढची सारी पाककृति त्यावर अवलंबून आहे. मीठ आणि ऊन अन्नांतील पाणी काढून घेतात. पाण्यावांचून जंतु वाढत नाहींत. म्हणून सोडे कठीण होतात, आणि ते आधीं भिजवावे व मग शिजवावे लागतात. डबा पाणी काढून घेत नाहीं. तो बंद केल्यावर कडक उष्णता देऊन आंतले जंतु मारतात, आणि नवे जंतु आंत शिरण्यास वाट ठेवीत नाहींत. या उष्णतेनें मांस आंतल्या आंत पूर्ण शिजतें. सोडे म्हणजे कच्चा माल, तर डबा म्हणजे तयार स्वयंपाक. हा भेद ज्याला कळला नाहीं, त्याचा डबा फुकट गेलाच म्हणून समजावें.

डब्यांतलें मांस जगभर पसरलें तें मुख्यतः सैन्यांबरोबर. दक्षिण अमेरिकेंत उरुग्वे देशांत फ्रे बेंटोस म्हणून एक गांव आहे. तेथील कारखान्यांत खारवलेलें गोमांस डब्यांत भरलें जाई, आणि गोऱ्या शिपायांच्या शिध्यांत तें 'बुली बीफ' या नांवानें पोंचे. हिंदी शिपायाला त्याचा उपयोग नव्हता. १९१४ सालीं हिंदी पलटणी फ्रान्सच्या आघाडीवर गेल्या, तेव्हां सरकारला त्यांच्यासाठीं जिवंत बकऱ्यांचा पुरवठा करावा लागला. हिंदु आणि शीख यांच्यासाठीं झटक्याची व मुसलमानांसाठीं हलालाची, अशी कापण्याची व्यवस्थाहि निरनिराळी ठेवावी लागली. इंग्लंडांत ब्रायटन येथील राजवाड्यांत जखमी हिंदी शिपायांसाठीं रुग्णालय उघडलें होतें. त्यांत निरनिराळ्या जातिधर्मांसाठीं नऊ स्वयंपाकघरें होतीं. मांस खावें कीं न खावें हा तेथें प्रश्नच नव्हता. तें कोणाच्या हातचें आणि कशा रीतीनें मिळालेलें आहे, हा प्रश्न होता.

या प्रश्नाचें अत्यंत कठोर रूप मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, दिसून आलें. जनरल टाउनशेंड याच्या हाताखालची सहावी पुणें डिव्हिजन बगदादच्या रोखानें गेली होती. तेसिफोनच्या लढाईनंतर तिला माघार घ्यावी लागली, आणि तैग्रीस नदीच्या कांठीं कुत-अल-अमारा येथें ७ डिसेंबर १९१५ पासून ती तुर्की सैन्याच्या वेढ्यांत सांपडली. तिच्यांत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत कोंकणांतील आणि घांटावरील खेड्यापाड्यांतून आलेले जवान होते. अन्न संपत चाललें तेव्हां घोडे आणि खेंचरें कापण्यास प्रारंभ झाला. गोऱ्या शिपायांनीं तें मांस खाल्लें. हिंदी शिपायांपैकीं बहुतेकांनीं नाकारलें. हिंदुस्थानांतील धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशानें संमति मागवण्यांत आली; तरीहि पुष्कळांनीं एप्रिलपर्यंत त्याला हात लावला नाहीं. गांवीं परत गेल्यावर भाऊबंद काय म्हणतील, मुलांचीं लग्नें कशीं जमतील, ही भीति भुकेहून मोठी ठरली.

याचा परिणाम वैद्यांनीं नोंदवून ठेवलेला आहे. ताजी भाजी नाहीं आणि ताजें मांसहि नाहीं, त्यामुळें हिंदी शिपायांत स्कर्व्ही म्हणजे हिरड्या सुजून रक्त वाहण्याचा रोग बळावला. उलट गोऱ्यांत बेरीबेरीचा रोग झाला, कारण ते पांढऱ्या मैद्याचा पाव खात. आणि कोंड्यासकट कणीक खाणारे हिंदी शिपाई त्या रोगापासून बचावले. अन्नांतील कोणता गुण कोणत्या रोगाला आवरतो, याचा एवढा क्रूर प्रयोग क्वचितच कोठें झाला असेल. अखेर विमानांतून पिठाचीं पोतीं टाकलीं गेलीं. रसद घेऊन निघालेली जुलनार नांवाची आगबोट वाटेंतच शत्रूच्या हातीं पडली. आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार लोक शरण गेले. त्यांपैकीं हजारों कैदेंतच मेले.

या वेढ्याची सावली रोह्याच्या पंचक्रोशींतील एका घरावर तीस वर्षें पडून राहिली होती. त्या मराठा घरांतला धाकटा मुलगा कुतच्या वेढ्यांत होता आणि तो परत आला नाहीं. तो केव्हां व कोठें गेला हेंहि घरच्यांस कळलें नाहीं. त्याची थोरली भावजय पुढें त्या घरची आजी झाली. आपल्या या दिराचें नांव ती कधीं उच्चारीत नसे; 'भावोजी' एवढेंच म्हणे.

तिचा नातू दुसऱ्या महायुद्धांत मराठा लाइट इन्फंट्रीमध्यें भरती होऊन इटलीला गेला. त्याच आघाडीवर शेजारच्या माणगांव तालुक्यांतील नाईक यशवंत घाडगे यांनीं १० जुलै १९४४ रोजीं प्राण वेंचून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. हा नातू मात्र सुखरूप परतला. १९४६ च्या वैशाखांत तो मुंबईस आला. त्या वेळीं सैन्याचा शिल्लक माल बाजारांत विकला जात होता. त्यांतून त्यानें ऑस्ट्रेलियांत भरलेल्या मेंढीच्या मटणाचे दोन डबे घेतले, आणि भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनें धरमतरला उतरला. पेणला त्याची थोरली बहीण दिलेली होती. एक डबा त्यानें तिच्या हातीं ठेवला.

ताईला आनंद झाला. भाऊ परदेशांतून आला, तर त्याला मटण करून घालावें, हें ओघानेंच आलें. तिनें डबा फोडला, मांसाला हळद-मीठ लावलें, आलें-लसणाचें वाटण चोळलें आणि नेहमींप्रमाणें तास-दीड तास मंद विस्तवावर ठेवलें. झांकण काढलें तेव्हां पातेल्यांत मांस असें उरलेंच नव्हतें. सगळ्याचे धागे होऊन रश्शांत विरले होते, आणि त्यांत मीठ इतकें झालें होतें कीं तोंडीं लागेना. ताई बिचारी खजील झाली. भाऊ म्हणाला, "अग, यांत तुझा काय दोष? डब्यावर कोणीं मराठींत लिहिलें आहे थोडेंच!"

दुसरा डबा रोह्याकडे गेला. आजीनें तो हातांत घेतला, उलटापालटा करून पाहिला, आणि विचारलें, "कोणाचें मांस हें?"

"मेंढीचें आहे, आजी."

"तूं पाहिलेंस?"

"पाहिलें नाहीं. पण कागदावर तसें लिहिलें आहे."

"कागद कोणीं लिहिला?"

"ज्यांनीं डबा भरला त्यांनीं."

"म्हणजे विकणाराच साक्षीदार!" असें म्हणून आजीनें डबा पडवींतल्या कोनाड्यांत ठेवून दिला. स्वयंपाकघरांत तिनें तो येऊं दिला नाहीं.

आजीचा हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. सुकट तिनें स्वतः निवडलेली असे; सोडे कोणत्या कोळणीकडचे हें तिला ठाऊक असे; गांवांत बोकड पडला तर तो कोणाचा आणि कोणीं कापला हें सर्वांस माहीत असे. तिच्या बेगमींतील प्रत्येक वस्तूला कोणीतरी ओळखीचा साक्षीदार होता. डब्याला तसा साक्षीदार नव्हता. पत्र्याच्या आंत काय आहे, हें भरणाऱ्यावांचून कोणास ठाऊक नाहीं, आणि भरणारा सात समुद्रांपलीकडे! बंद डब्याविषयींच्या संशयाचें खरें मूळ हें आहे, आणि तें आजहि समूळ गेलें आहे असें नाहीं.

पुढें आषाढ लागला. पाऊस कोसळूं लागला, कुंडलिका दुथडी भरून वाहूं लागली. नातवाला हिवतापानें गांठलें. ताप उतरला, पण अंगांत त्राण उरलें नाहीं. पेज पोटांत ठरे, पण सुकटीच्या वासानें त्याला मळमळे. अंगांत शक्ति येण्यास मांसाचा रस्सा द्यावा, असें वैद्यानें सांगितलें. पण त्या पावसांत बोकड कोठून आणावा? दोन दिवस आजी कांहीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं ती पडवींत गेली आणि कोनाड्यांतला डबा घेऊन आली. सून चकित होऊन म्हणाली, "अत्याबाई, तुम्हींच ना नको म्हणत होतां?"

आजी म्हणाली, "भावोजींच्या पुढ्यांत बसून, 'खा बाबा, घरचें आम्ही पाहून घेऊं,' असें म्हणणारें तेथें कोणी असतें, तर ते आले असते."

एवढेंच बोलून तिनें पडवींत वेगळी चूल मांडली. डबा कोयत्यानें फोडून तिनें काठीनें आंतला तुकडा दाबून पाहिला; तो तत्काळ मोडला. ती म्हणाली, "हें तर शिजूनच आलें आहे. याला विस्तव दाखवायचा, शिजवायचें नाहीं." तिनें सुनेकडून सुकें खोबरें, कांदा आणि लसूण भाजून वाटण करून घेतलें, तें तेलावर परतलें, घरचा मसाला घातला, पाणी ओतून चांगली उकळी आणली, दोन आमसुलें टाकलीं, आणि रस्सा पूर्ण तयार झाल्यावर शेवटीं मांस आंत सोडलें. मीठ तिनें घातलें नाहीं. नातवाला चमचाभर रस्सा देऊन, "मीठ लागतें कीं पुरेसें आहे?" असें विचारलें. पुरेसें होतें. त्या दिवशीं तो पोटभर भात जेवला.

आजीनें स्वतः तें मांस त्या दिवशीं खाल्लें नाहीं आणि पुढेंहि कधीं खाल्लें नाहीं. परंतु तिनें दुसऱ्या कोणाला मनाईहि केली नाहीं. रिकाम्या डब्याच्या कडा ठोकून तिनें तो तांदूळ मोजण्यास घेतला, आणि पुष्कळ वर्षें तो त्या घरांत मापट्याच्या कामीं होता.

आतां ज्या घरांत मांसाहार चालतो, त्या घरच्या गृहिणींसाठीं कांहीं गोष्टी स्पष्ट करून सांगणें इष्ट होईल. पहिली गोष्ट आजीनें सांगितलीच आहे. डब्यांतलें मांस शिजलेलें असतें. म्हणून रस्सा, भाजी किंवा भात आधीं पूर्ण तयार करावा आणि मांस अखेरीस घालून पांच ते दहा मिनिटें चांगली वाफ येऊं द्यावी. दुसरी गोष्ट मिठाची. बहुतेक डब्यांत मीठ पुरेसें, कित्येकदां जास्तच असतें. म्हणून चव घेतल्यावांचून वरून मीठ घालूं नये. तिसरी गोष्ट चरबीची. डबा उघडण्यापूर्वीं थंड पाण्यांत किंवा शीतपेटींत ठेवला तर चरबी थिजून वर येते आणि ती सहज काढतां येते. शिवाय थंड मांसाच्या फोडी न मोडतां कापल्या जातात. डब्यांतला थिजलेला रस मात्र टाकूं नये. तो रश्शांत घालावा, कारण गोडी त्यांतच असते.

रश्शाची रीत वर आलीच आहे. ३४० ग्रॅमच्या एका डब्याला दोन मोठे कांदे आणि अर्धी वाटी सुकें खोबरें पुरतें. सुकें करावयाचें झाल्यास बटाट्याच्या लहान फोडी कांद्यावर परतून पूर्ण शिजवाव्या, मसाला घालावा, मग मांसाच्या फोडी घालून पातेलें नुसतें हलवावें. डाव फिरवला तर फोडींचा चुरा होतो. चुरा झालाच तर त्याचेंहि सोनें करतां येतें. उकडलेला बटाटा कुसकरून त्यांत तो चुरा, हिरवी मिरची, आलें, कोथिंबीर आणि लिंबाचा रस मिसळावा, चपट्या वड्या थापाव्या, रव्यांत घोळवाव्या आणि तव्यावर थोड्या तेलांत दोन्हीं बाजूंनीं खरपूस भाजाव्या. मुलांना हे पॅटीस फार आवडतात. रोह्या-पेणकडील कायस्थ प्रभु घरांत सोड्यांची खिचडी प्रसिद्ध आहे. त्याच धर्तीवर मसाल्याचा मोकळा भात करून, तो दमावर ठेवतांना मधल्या थरांत मांसाच्या फोडी पसराव्या. आंबटपणासाठीं कोकम, कैरी किंवा चिंच यांपैकीं कांहीं तरी हवेंच. त्यावांचून डब्याची चरबी जिभेवर बसते. आणि ताटांत कच्चा कांदा, लिंबू व एखादी ताजी भाजी अवश्य असावी. डब्याच्या उष्णतेंत क जीवनसत्त्व नष्ट होतें, आणि तें गेल्यानें काय होतें, हें कुतच्या शिपायांनीं भोगलेलेंच आहे.

चव साधली म्हणजे सर्व साधलें, असें नव्हे. डब्याच्या बाबतींत सावधगिरीचे नियम कडक आहेत. ज्याचें बूड किंवा झांकण फुगलें आहे, जो शिवणीवर दबलेला किंवा गळका आहे, ज्याला खोलवर गंज चढला आहे, किंवा जो उघडतांना आंतून फवारा उडतो, तो डबा चव न घेतां टाकून द्यावा. वास चांगला येतो म्हणून तो निर्धोक असतो असें नाहीं. बॉट्युलिझम नांवाचा प्राणघातक विकार ज्या जंतूच्या विषानें होतो, तें विष वासावांचून आणि चवीवांचूनहि असूं शकतें. त्या जंतूचीं बीजें साध्या उकळत्या पाण्यानें मरत नाहींत. त्यांना दाबाखालच्या वाफेची सुमारें १२१ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. म्हणून मुरंब्याच्या बाटल्या भरतों त्याप्रमाणें घरच्या घरीं मांसाच्या बाटल्या भरण्याचा प्रयोग कोणीं करूं नये. खाऱ्या हवेच्या किनाऱ्यावर पत्रा लवकर गंजतो. तेथें डबे कोरड्या फडताळांत ठेवावे आणि मधून मधून पुसून पाहावे. उघडलेला डबा तसाच ठेवूं नये; उरलेलें मांस काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यांत काढून थंडींत ठेवावें, आणि शीतपेटी नसेल तर त्याच जेवणांत संपवावें.

डबा भरणाऱ्याची चूक किती दूरवर पोंचते, याचें उदाहरण १९६४ सालीं स्कॉटलंडांतील ॲबर्डीन शहरानें पाहिलें. तेथें पांचशेंहून अधिक लोक विषमज्वरानें आजारी पडले. शोध घेतां त्याचें मूळ आर्जेंटिनांतून आलेल्या खारवलेल्या गोमांसाच्या एका डब्याकडे वळलें. कारखान्यांत तापलेले डबे निववण्यासाठीं नदीचें अशुद्ध पाणी वापरलें जात होतें, आणि एखाद्या सूक्ष्म फटींतून तें आंत शिरलें असावें, असा निष्कर्ष निघाला. हजारों कोस दूरच्या नदीचें पाणी एका दुकानांतल्या सुरीवरून शेंकडों घरांत गेलें! 'विकणाराच साक्षीदार' या आजीच्या उद्गाराचें याहून बोलकें प्रत्यंतर कोणतें असेल?

त्यानंतर या साक्षीची पुष्कळ सोय झाली आहे. आज भारतांत डब्यावर किंवा पाकिटावर आंत काय आहे, कोणीं व केव्हां भरलें, केव्हांपर्यंत खावें, हें छापावें लागतें. मांसाहारी पदार्थावर तपकिरी खूण असते, ती अक्षरओळख नसलेल्यालाहि कळते. म्हैसूर येथें १९६१ सालीं स्थापन झालेल्या संरक्षण खात्याच्या अन्न-संशोधन प्रयोगशाळेनें जवानांसाठीं लवचिक पाकिटांत टिकणारें शिजलेलें अन्न तयार केलें आहे. पत्र्याच्या जड डब्याची जागा त्यानें पुष्कळ अंशीं घेतली आहे. तरीहि छापलेल्या कागदाची किंमत तो छापणाऱ्याच्या प्रामाणिकपणाएवढी आणि तपासणाऱ्याच्या दक्षतेएवढीच असते. म्हणून डबा विकत घेतांना कागद वाचणें, हें आजच्या गृहिणीचें काम आजीच्या सुकट निवडण्याइतकेंच महत्त्वाचें आहे.

मांस टिकवणें ही केवळ परदेशी विद्या आहे, असाहि कोणी समज करून घेऊं नये. महाराष्ट्रांतील दलित वस्त्यांत मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हांत वाळवीत आणि त्या 'चान्या' पुढें अडीअडचणीच्या दिवसांत भाजून किंवा रस्सा करून खात. गोमंतकांत मीठ, मसाला आणि सिरका लावलेलें डुकराचें मांस आंतड्यांत भरून धुरावर व उन्हांत सुकवितात. ज्यांच्या घरीं रोज ताजें अन्न येत होतें, त्यांनीं या वस्तूंना नांवें ठेवलीं. ज्यांच्या घरीं तें येत नव्हतें, त्यांनीं त्यांवर मुलें जगवलीं. डब्याचीहि गोष्ट तीच आहे. ताज्या मटणाची सर त्याला येणार नाहीं, आणि त्यानें तसा दावाहि केलेला नाहीं. तो अडचणीच्या दिवसाचा सोबती आहे.

संशय घेणें चुकीचें नाहीं. अन्न कोठून आलें हें विचारण्याचा प्रत्येक गृहिणीला हक्क आहे. पण प्रश्न विचारून झाल्यावर, समोर कोणी भुकेला बसला असेल, तर उत्तराची वाट किती पाहावयाची, हेंहि तिलाच ठरवावें लागतें. रोह्याच्या त्या आजीनें आपला नेम मोडला नाहीं आणि नातवाला उपाशीहि ठेवलें नाहीं. तिच्या चुलीवरचा रस्सा आज कोणीहि करूं शकेल. कांदा-खोबरें नीट भाजावें, रश्शाला उकळी आणावी, मीठ हातचें राखावें, आणि मांस सर्वांत शेवटीं घालावें.